मदत हवी आहे: रॅप बॅटलच्या फायनलला परीक्षक आहे, निकाल कशावर द्यायचा?

नमस्कार मंडळी,

येत्या पंधरवड्यात ठाण्यात मराठी रॅप बॅटलची फायनल आहे आणि तीन परीक्षकांपैकी एक मी आहे. दुसरा बीट बनवतो, तिसरा स्वतः बॅटल खेळलेला आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते. लहानपणी कुडाळला डबलबारी भजनं, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, रात्र रात्र जागून ऐकली आहेत, त्यामुळे समोरच्या बुवाचा शब्द धरून त्याच्यावरच उलटवला की अंगावर काटा येतो, तो आजही येतो. बॅटलचं वेड मला तिथूनच लागलं.

फायनलला आलेली दोन्ही मुलं साखळी फेरीत एकदा भिडली आहेत. एक कळव्याचा, एक डोंबिवलीचा. एकमेकांशी बोलत नाहीत, इतकी चुरस. तेव्हा दोन परीक्षकांची मतं फुटली आणि माझ्या मताने कळव्याचा जिंकला. मला वाटतं मी चुकले.

कळव्याचा मुलगा घरून लिहून, घोटून आला होता. यमकावर यमक, फ्लो एकदम गुळगुळीत. त्याची एक जोडी अशी:

माझी ओळ फास्ट लोकल, ठाण्यानंतर सुसाट
तू फलाटावर उभा, बघ स्लो गाडीची वाट

पब्लिक उसळलं. डोंबिवलीच्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं:

तुझी गाडी रुळावरची, कालच टाकलेले रूळ
मी आत्ता चालत आलोय, बघ पायाला ताजी धूळ

यावर टाळ्या बेताच्याच पडल्या. घरी येऊन रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं तेव्हा लख्ख कळलं की त्याने दोन ओळींत समोरच्याच्या सगळ्या पाठांतराचं बिंग फोडलं होतं. आणि हेही दिसलं की उसळलेलं पब्लिक म्हणजे पुढच्या दोन रांगांतले कळव्याचेच मित्र. आवाज झाला तिथे माझ्या कागदावर गुण वाढले आहेत. त्या मुलाला मी तोंड कसं दाखवू, हा प्रश्न मला अजून छळतो.

तर मदत हवी आहे ती अशी. लिहून आणलेलं आणि जागेवर सुचलेलं एकाच काट्यावर कसं तोलायचं? पब्लिकचा आवाज मोजायचा की नाही? टॉस हरून पहिला बोलणाऱ्यावर अन्याय होतो का, कारण शेवटचा शब्द कायम दुसऱ्याचाच राहतो? आणि कुणी आईबहिणीवर किंवा जातीवर गेला तर काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, मी सहा वर्षं बॅटल खेळलोय. पहिलं काम, आयोजकांकडून फॉरमॅट लेखी घ्या. लिहून आणायची मुभा असेल तर पाठांतराचे गुण कापता येत नाहीत. मात्र त्यातही रिबटलला, म्हणजे समोरच्याच्या ओळीला तिथल्या तिथे दिलेल्या उत्तराला, मान असतोच, कारण रिबटल घरून आणता येत नाही. डोंबिवलीच्या त्या दोन ओळी मी खूप वर मोजल्या असत्या. लोकल, फलाट हे सगळं समोरच्याचंच सामान, आणि त्यातूनच वार केलाय.

पब्लिकच्या बाबतीत एक जुनी गोष्ट. १९८१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबमध्ये बिझी बी आणि कूल मो डी हे दोन रॅपर समोरासमोर आले. लोकांना ओरडायला लावणं, नाचवणं हे बिझी बीचं बलस्थान. कूल मो डीने त्याची हीच पद्धत पकडली आणि सगळ्यांसमोर ओळीओळीने सोलून काढली. बॅटल म्हणजे समोरच्यावर शब्दाने मात, हे लोकांच्या मनात पक्कं व्हायला ती रात्र मोठं कारण ठरली. पब्लिक हा पुरावा आहे, पण साक्षीदार कोणाच्या बाजूचा ते बघायला हवं. आवाज पूर्ण हॉलमधून आला की एका कोपऱ्यातून? समोरच्याचे दोस्त हसले का? ते हसले तर तो टोला खराच लागला.

बेरजेच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक राउंड कोणाचा, एवढंच लिहा, राउंड संपल्या संपल्या, आणि कागद उलटा ठेवा. शेजारच्या परीक्षकाशी मधे बोलायचं नाही. तीनपैकी दोन राउंड ज्याचे, त्याला तुमचं मत.

प्रतिसाद २

शेवटच्या शब्दाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्याकडे तिसऱ्या राउंडला क्रम उलटा करतो, पहिला असतो तो दुसरा बोलतो. फरक पडतो. बरोबरी वाटली तर ओढूनताणून निकाल देऊ नका. स्पॅनिश भाषेतल्या रेड बुल बटाल्या या रॅप बॅटल स्पर्धेत परीक्षक अशा वेळी 'रेप्लिका' मागतात, म्हणजे दोघं पुन्हा भिडतात. आयोजकांकडून तेवढी सोय आधीच करून घ्या.

जातीवर गेला तर राउंड गेला, हे माइक हातात देण्याआधी दोघांना सांगा. घरच्यांबद्दल मात्र मी सरसकट बंदी घालणार नाही. 'तुझा बाप रिक्षा चालवतो' असं हिणवणाऱ्याला समोरचा जे उत्तर देईल ते त्या रात्रीचं सोनं असू शकतं. नुसती शिवी असेल तर तिचं वजन शून्य धरा, कारण ती कुणालाही देता येते. जी ओळ त्याच माणसाला लागू पडते, दुसऱ्या कुणाला नाही, ती खरी.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. 'त्याच माणसाला लागू पडते' हे वाक्य मी कागदाच्या वर लिहून ठेवते आहे. उलटा क्रम आणि रेप्लिकाबद्दल आज आयोजकांना फोन केला, उलट्या क्रमाला ते तयार आहेत. डोंबिवलीच्या मुलाला मी भेटून सांगितलं की तो राउंड तुझा होता. तो म्हणाला, "मॅडम, फायनलला नीट ऐका, बास."

एक अडलंय. कळव्याचा मुलगा त्या दिवशी तिसऱ्या राउंडला चोक झाला होता, म्हणजे मधेच अडला, सात-आठ सेकंद शांतता, मग सावरला आणि पुढचं जोरात म्हटलं. बाकीचे दोन परीक्षक यावर अजून भांडताहेत. एक म्हणतो चोक झाला की राउंड गेला. दुसरा म्हणतो सावरणं हीसुद्धा कला आहे. तुम्ही अशा वेळी काय करता?