मदत हवी आहे: कारखान्यात आयओटी पायलट करायचा आहे, पैसा कुठून उभा करावा? (नागपूर)

हिंगणा_पॅनलवाला

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे. प्रोप्रायटरशिप, उद्यम नोंदणी आहे, जीएसटी वेळच्या वेळी भरतो. पॅनलचं काम सांभाळून आम्ही मोटर आणि बेअरिंगवर नजर ठेवणारं एक आयओटी (नेटला जोडलेल्या सेन्सरचं) उपकरण तयार केलंय. सेन्सर बेअरिंगच्या हाऊसिंगवर बसतो, थरथर आणि तापमान मोजतो. तीन अक्षांवर सेकंदाला दहा हजार नमुने घेतले की एकट्या सेन्सरचा दिवसाला पाच जीबीच्या वर डेटा होतो. तेवढा क्लाउडवर चढवायचा म्हटलं तर बिलच मारून टाकेल, आणि शेडमध्ये नेट तरी कुठे धड असतं! म्हणून मशीनशेजारी एज गेटवे, म्हणजे छोटा संगणक, लावतो, आमच्याकडे सगळे त्याला ‘डबा’च म्हणतात. हिशेब तिथेच होतो आणि क्लाउडवर फक्त निष्कर्ष जातात. बेअरिंग तापलं की नेट असो नसो, डबा हूटर वाजवतो.

आमच्याच वर्कशॉपमध्ये हे नीट चालतं. आता पायलट म्हणून, म्हणजे चाचणीपुरतं, खऱ्या ठिकाणी लावायचंय. तीन गिऱ्हाइकं तयार आहेत: सावनेरकडची एक जिनिंग (कापसातून सरकी काढणारी), बुटीबोरीतली एक री-रोलिंग मिल (लोखंड तापवून सळया काढणारी) आणि काटोल भागातलं संत्र्याचं पॅकहाऊस. तिघांचंही म्हणणं एकच, “लावून तर पाहा, चाललं तर बोलू.” म्हणजे पैसे आमचे, जागा त्यांची.

तिन्ही ठिकाणं मिळून सतरा-अठरा लाखांचा अंदाज आहे. यातला मोठा भाग हार्डवेअरचा, कारण आताच्या डब्यातले सुटे भाग साध्या ग्रेडचे आहेत. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली बंद पॅनलच्या आत काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. इंडस्ट्रियल ग्रेडचे भाग घेतले की खर्च दुप्पट.

बँकेत गेलो तर मॅनेजरसाहेबांनी विचारलं, “मशिनरी कोणती घेणार? कोटेशन आणा.” पायलटचं कोटेशन कोण देतं?

क्लाउड, एज आणि आयओटीच्या पायलटला पैसे देणारे युरोपातले ओपन कॉल (अर्जांसाठीची जाहीर आवाहनं) इंटरनेटवर दिसले. आपल्याला त्यात जागा आहे का? इथल्या कोणत्या योजना खरोखर उपयोगी पडतात? आणि एक सल्लागार मंजूर रकमेच्या दहा टक्के मागतोय, ही रीतच आहे का?

---

कागदीघोडा

आधी गाडी अडते कुठे ते सांगतो. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्या मालकाच्या धंद्याला, डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. आणि बरेच जण फसतात ते याच्या पुढे: चालू धंदा मोडून किंवा त्याची पुनर्रचना करून नवी कंपनी काढली तर ती स्टार्टअप धरत नाहीत. तेव्हा पॅनलचं युनिट आहे तसं चालू द्या. डब्यासाठी वेगळी कंपनी काढा. तिचं उत्पादन वेगळं, हिशेब वेगळे, बँक खातं वेगळं.

मग स्टार्टअप इंडिया सीड फंड बघा. २०२१ ची योजना, तरतूद ९४५ कोटींची. प्रूफ ऑफ कन्सेप्ट, प्रोटोटाइप आणि प्रॉडक्ट ट्रायलसाठी २० लाखांपर्यंत अनुदान. बाजारात उतरण्यासाठी पुढे ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा परिवर्तनीय डिबेंचरच्या (पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जरोख्याच्या) रूपात. तुमचा आकडा पहिल्या खणात बसतो. अट अशी की अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि आधी इतर सरकारी योजनांतून दहा लाखांच्या वर मदत घेतलेली नको. पैसे दिल्लीहून थेट येत नाहीत, इनक्युबेटर म्हणजे स्टार्टअपना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत येतात. अर्जात पसंतीक्रमाने तीन इनक्युबेटर देता येतात आणि त्यांच्याकडे जाऊन बसायची सक्ती नाही, म्हणजे पुण्या-मुंबईचाही चालतो. अर्ज भरण्याआधी इनक्युबेटरला फोन करून विचारा की योजना चालू आहे का आणि निधी शिल्लक आहे का. हा एक फोन न केल्यामुळे लोकांचे महिने जातात.

दहा टक्के? पोर्टलवरचा अर्ज फुकट आहे, आणि सीड फंडात इनक्युबेटरलाही स्टार्टअपकडून फी घ्यायला मनाई आहे. कुणाकडून अर्ज लिहून घ्यायचा तर लिहिण्याचे ठरावीक पैसे द्या. मंजूर रकमेत वाटा देऊ नका. उद्या युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (पैसे कशावर खर्च झाले त्याच्या दाखल्यावर) सीएची सही लागेल, तेव्हा हे दहा टक्के कोणत्या रकान्यात दाखवाल?

---

पराटीवाला

पॅनलवाले भाऊ, जिनिंग म्हणलं म्हणून मधात पडून राहिलो. आमच्या घरी डबल रोलर जिनच्या मशिनी आहेत.

तुमच्या डब्याची गरज खरी आहे. बेअरिंग तापलं, रोलरवर घासलं, एक ठिणगी उडाली की रुईला आग लागायला वेळ लागत नाही. पण कॅलेंडर बघा. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होते अन् उन्हाळा लागला की आवरते. तुमची मंजुरी मे महिन्यात आली तर सेन्सर काय बंद मशिनीला लावता? अन् एखाद्या फंडाची मुदत वर्षभराची असंन तर त्यातला अर्धा वेळ मशीन झोपलेलं राहीन. अर्जात ‘हंगाम’ म्हणून वेगळा परिच्छेदच लिहा, नाहीतर दिल्लीतला माणूस विचारते की सहा महिन्यांत डेटा काऊन नाही आला.

दुसरं, सिरकॉटचं (केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरातच आहे, अमरावती रोडला वाडीकडे. खऱ्या मशिनी आहेत तिथं. एखाद्या जिनवाल्याच्या मागं फिरण्यापेक्षा पहिली चाचणी तिथं करता येते का ते विचारा. सरकारी संस्थेचा चाचणी अहवाल हाती असला की आमच्यासारखे लोक पण ऐकतात, अन् फंडवाले पण. मुंबईच्या सिरकॉटमध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजनेचं कृषी इनक्युबेटर पण आहे. त्यात कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत अन् सीड टप्प्यावर २५ लाखांपर्यंत मिळते, थोडा वाटा आपला टाकावा लागते. शेतमाल काढणीनंतरची प्रक्रिया त्यात बसते. तुमचं संत्र्याचं पॅकहाऊस पण त्याच खात्यात टाका.

---

हिंगणा_पॅनलवाला

पराटीवाले भाऊ, हंगामाचा मुद्दा लाखाचा. जिनिंग आणि पॅकहाऊस एका अर्जात, री-रोलिंग वेगळं, असं केलं तर चालेल का?

---

वर्धारोड

वेगळंच करा. माझं मत थोडं कडू आहे, पण ऐका. ‘आयओटी पायलट’ या नावाचं खातं सरकारात जवळपास कुठेच नाही. पैसे आहेत ते ज्याचं दुखणं आहे त्याच्या खात्यात: शेती, ऊर्जा, पाणी, संरक्षण, दूरसंचार. तुमचा डबा तोच, अर्ज मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा लिहायचा. जिनिंगच्या अर्जात ‘एज कॉम्प्युटिंग’ पहिल्या पानावर आलं की समजा गेलं. तिथे आग, रुईची प्रत आणि बंद पडलेले तास लिहा.

आता युरोप. तुम्ही पाहिलं ते बहुतेक कॅस्केड फंडिंग असावं. होरायझन युरोप हा युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ चा संशोधन कार्यक्रम, सुरुवातीला ९५.५ अब्ज युरोंचा. त्यातला एखादा मोठा प्रकल्प स्वतःच्या वाट्यातून छोट्या कंपन्यांना पायलटसाठी रक्कम देतो, साधारणपणे एका लाभार्थ्याला ६० हजार युरोंपर्यंत. त्यांचे कॉल सुटसुटीत असतात, कागद कमी. पण अर्जदार सहसा युरोपीय संघातल्या किंवा संलग्न देशातला लागतो. भारतीय संस्थेला होरायझनमध्ये भाग घेता येतो, मात्र पैसे आपोआप मिळत नाहीत. ज्या कॉलमध्ये तशी स्पष्ट तरतूद असते तिथेच मिळतात. म्हणून कॉल उघडला की सगळं सोडून आधी पात्रतेचं पान वाचा. त्यांचे जुने निकाल मात्र जरूर चाळा. कारखान्यात पायलट कसा आखतात, यश कशात मोजतात, हे फुकटात शिकायला मिळतं.

---

मोकाट_सांड

माझा सोपा उपाय: सासऱ्यांना इन्व्हेस्टर करा. पात्रतेचं पान नाही, युटिलायझेशन सर्टिफिकेट नाही. फक्त दर दिवाळीला रिव्ह्यू मीटिंग असते, ती चार तास चालते.

---

सळईवाला_बुटीबोरी

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो, कारण ‘लावून तर पाहा’ म्हणणाऱ्यांतला मीही एक आहे.

आमच्या मिलमध्ये असे फुकट लावलेले दोन डबे भिंतीवर आहेत. एकाची केबल फोर्कलिफ्टनं तोडली. ती तशीच लोंबते आहे. लावणाऱ्यानं फोन केला, आमच्या माणसानं “बघतो” सांगितलं, विषय संपला. आमचा पैसा गेला नव्हता, मग आमचा फोरमन त्यासाठी शिडीवर कशाला चढेल? म्हणून पॅनलवाले, थोडे तरी पैसे घ्या. पंचवीस हजार घ्या, पण घ्या. बिल निघालं की ते काम मेंटेनन्सच्या वहीत चढतं, आणि वहीत चढलं की कुणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागतं. शिवाय अर्जाला गिऱ्हाइकानं भरलेली रक्कम जोडता येते. नुसत्या इच्छापत्रापेक्षा त्याचं वजन जास्त.

री-रोलिंगसाठी एक वाट: ऊर्जा दक्षता ब्युरोची अदिती योजना, २०२५ मध्ये सुरू झाली. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रणेच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. स्टील री-रोलिंग त्या यादीत आहे. ही तुम्हाला नाही, आम्हाला मिळते. पण आम्ही भट्टी किंवा ड्राइव्ह बदलणार असलो तर बचत मोजून दाखवायला मीटर आणि डेटा लागतोच. तुमचा डबा त्या कामात घुसवा. थरथर वगैरे आम्हाला नंतर समजावा, आधी युनिटमागे किती रुपये वाचले ते दाखवा.

---

सेमिनरी_हिल्स

दादा, कंपनी काढेपर्यंत थांबायचं नसेल तर तुमच्या उद्यम नोंदणीवरही दार उघडं आहे. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मिळतात, यजमान संस्थेमार्फत, हप्त्याहप्त्याने. त्यासाठी आयडिया हॅकेथॉन (कल्पनांची स्पर्धा) जाहीर होतं तेव्हा अर्ज करायचा. आमच्या भागातल्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये एमएसएमईचं विकास कार्यालय आहे, तिथे जाऊन चौकशी करा. वेबसाइट वाचून जे कळत नाही ते टेबलासमोर बसून कळतं, तेवढं मी खात्रीने सांगते.

केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास आहे, १० लाखांपर्यंत. ती हातात धरता येईल अशा प्रोटोटाइपसाठीच, निव्वळ सॉफ्टवेअरला नाही. तुमच्या इंडस्ट्रियल ग्रेडच्या डब्याचा खर्च तिथे शोभतो. फक्त कोणती मदत आधी घ्यायची याचा क्रम लावा, कारण कागदीघोडा यांनी लिहिलेली दहा लाखांची अट सीड फंडाला आड येते. आधी इथले १५ लाख घेतलेत तर तिकडचे २० गेले.

राज्याकडे पाहायचं तर महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप वीक. त्यात निवडलेल्या २४ स्टार्टअपना शासकीय विभागात पायलट करायला कार्यादेश मिळतो. मला हा प्रकार अनुदानापेक्षा आवडतो, कारण गिऱ्हाईक आणि पैसा एकाच कागदावर येतात. तुमचा डबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर चालणार नाही का? बेअरिंग तिथेही असतंच. अमरावती रोडवरच्या सातनवरीत २०२५ मध्ये स्मार्ट गावाचा प्रयोग सुरू झाला, एकदा जाऊन पाहा. शेतात सेन्सर लावल्यानंतर त्याची देखभाल कोण करतं, हे तिथल्या लोकांना विचारा. पायलटची खरी परीक्षा तीच.

---

वर्धारोड

सेमिनरी_हिल्स ताईंच्या यादीत दोन भर. ग्रामीण भागात दूरसंचाराशी जोडलेलं काही करणार असाल तर टेलिकॉम टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड आहे, २०२२ पासूनचा, आता डिजिटल भारत निधीखाली. आणि आयआयटी मुंबईत केंद्राच्या सायबर-फिजिकल (यंत्र आणि संगणक जोडणाऱ्या तंत्रज्ञानाच्या) मिशनखालचं आयओटीचं टेक्नॉलॉजी हब आहे. त्या मिशनमधल्या २५ हबपैकी नेमकं तुमच्या विषयाचं. त्यांच्या कॉलवर लक्ष ठेवा.

मोठ्या क्लाउड कंपन्यांची स्टार्टअप क्रेडिट (ठरावीक रकमेचा फुकट वापर) जरूर घ्या, पण ती खर्चात धरू नका. क्रेडिटला मुदत असते. संपली की बिल सुरू, आणि तोवर तुमचं सगळं त्यांच्याच सेवांवर बांधलेलं असतं. डबा एमक्यूटीटीसारख्या खुल्या प्रोटोकॉलवर (उपकरणांच्या सामाईक भाषेत) बोलू द्या म्हणजे उद्या घर बदलता येईल. बिनतारी सेन्सर असतील तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ पट्ट्याला परवाना लागत नाही, उपकरणाची ईटीए (बिनतारी उपकरणाच्या प्रकाराला सरकारी) मान्यता मात्र लागते. तिचा खर्च आणि वेळ अंदाजपत्रकात घातलाय का?

---

हिंगणा_पॅनलवाला

ईटीए धरली नव्हती. तयार मान्यताप्राप्त रेडिओ मॉड्यूल वापरतोय, तरी विचारून घेतो.

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: डब्यासाठी वेगळी प्रायव्हेट लिमिटेड. एमएसएमईचा अर्ज आता करत नाही, आधी सीड फंड. वाडीला चाचणीची परवानगी मागतो, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आत अहवाल हातात असेल. री-रोलिंगवाल्यांकडून थोडी रक्कम घेऊनच लावणार, सळईवाले, तुम्हीच पहिले गिऱ्हाईक का होत नाही?

एक उरलं. पायलटचा करार कसा लिहावा? जिनवाले म्हणतात डेटा आमचा. इनक्युबेटरला तर निकाल दाखवावे लागतील.

---

कागदीघोडा

दोन पानांत बसवा. कच्चा डेटा गिऱ्हाइकाचा, त्यावरून सुधारलेला अल्गोरिदम तुमचा. फंड देणाऱ्याला निकाल दाखवता येतील, पण मिलचं नाव आणि उत्पादनाचे आकडे झाकून. पायलट कशाला यशस्वी म्हणायचं ते आकड्यात लिहा, उदाहरणार्थ हूटर वाजल्यावर मशीन उघडून पाहिलं तेव्हा दहापैकी किती वेळा बेअरिंग खरंच खराब निघालं. यशस्वी झालं तर गिऱ्हाईक किती डबे, कोणत्या भावात घेणार हेही त्यातच. आणि वीज, शिडी, एक माणूस कोण देणार ते नावानिशी.

---

सळईवाला_बुटीबोरी

पहिले गिऱ्हाईक व्हायला हरकत नाही. पण आधीचा लोंबता डबा तुम्हीच उतरवून द्यायचा, ही माझी अट करारात टाका. व्यनि (खासगी निरोप) केलाय, सोमवारी मिलवर या, दुपारी चारनंतर. त्याआधी भट्टी चालू असते, बोलणं ऐकू येत नाही.