करारावरच्या लग्नाच्या गोष्टी सुचवा, आईसोबत बघायच्या आहेत

मुलुंड_पूर्व
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना ती घरातच आहे. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी काहीतरी बघत बसतो. दोघींचा जीव एकाच प्रकारावर: ठरावीक मुदतीचं, करारावरचं लग्न, आणि मग हळूहळू खरंच जुळत गेलेली माणसं. २०१२ मध्ये झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लागली तेव्हा आई मालिकेच्या आधीच कुकर उतरवून ठेवायची. घना-राधा पुन्हा बघून झाले. आता पुढे काय?

अट एकच. करार दोन भागांत विसरलेला नको. भाडं, स्वयंपाक, सासरची माणसं यांचा हिशोब शेवटपर्यंत हवा.

गिरगावकर
‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आधी लावा. १९५५ चा, गुरुदत्तचा, आणि मुंबईतलाच. मधुबालाला वडिलांची इस्टेट मिळायला लग्न करणं भाग आहे, म्हणून ललिता पवार एका बेकार व्यंगचित्रकाराला पैसे देऊन नवरा म्हणून उभा करतात. नंतर घटस्फोट, असा बेत. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी १८ मेला लागू झाला, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला घटस्फोट ही अगदी ताजी गोष्ट होती. चित्रं काढणारा हात आर. के. लक्ष्मण यांचा आहे, ते आईंना जरूर सांगा. बायकांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या बाईला खलनायिका केलंय, ते मला आजही पटत नाही. पण गाणी ओ. पी. नय्यरची आणि जॉनी वॉकर, त्यासाठी तरी बघाच.

चाळीतली_खिडकी
ताई, तुमची अट वाचून एकच नाव आठवलं: ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’, २०१७ ची कोरियन मालिका, १६ भाग. त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज, तिला राहायला जागा नाही. लग्न होतं ते त्या जागेपायी. मुंबईत पागडी, डिपॉझिट, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट यांतून गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सासरच्या पूजेला ती दिवसभर राबते. मग तिला वाटतं, हे तर करारात नव्हतं. फेड म्हणून तो तिच्या माहेरी किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं तिखट लोणचं, घालायला जातो. ढीगभर कोबी आणि मसाल्यात बरबटलेले त्याचे हात! मी तो भाग माझ्या सासूबाईंसोबत पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडायला माझ्या नवऱ्याला हाक मारली.

स्लो_लोकल
+१. पण हिशोबच हवा असेल तर जपानची ‘निगेरु वा हाजी दा गा याकु नि तात्सु’ त्याहून सरस आहे, २०१६ ची, फक्त ११ भाग. नोकरी गेलेली मुलगी एका एकट्या माणसाचं घर सांभाळते, महिन्याला पगार घेते, जगासाठी नवरा-बायको. शेवटाकडे तो खरंखुरं लग्न करू म्हणतो आणि सांगतो की पगाराचे पैसे वाचतील. ती तिथेच थांबवते: प्रेम आहे म्हणून काम फुकट, ही प्रेमाची पिळवणूक आहे. घरकामाला किंमत असते हे इतक्या गोडव्याने सांगणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

चाळीतली_खिडकी
तो प्रसंग जबरदस्त आहे, मान्य. पण आईंचा गुडघा दुखत असताना आधी किमचीवाली लावा, तिच्यात माणसं जास्त आहेत. मैत्रिणींच्या दोन जोड्यांच्या गोष्टीही छान रंगतात.

मुलुंड_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला चारही प्रतिसाद वाचून दाखवले. आज मधुबाला, उद्यापासून कोरियन. सबटायटल मी मोठ्याने मराठीत सांगत जाईन, तिला तसंच आवडतं. जपानी मालिका त्यानंतर.