हल्लेखोर आयपी : नुसता ब्लॉक करायचा, की तक्रारही नोंदवायची?

दीपस्तंभ

तालुक्याच्या गावातल्या काही लहान संस्थांचे सर्व्हर मी सांभाळतो. एक वाचनालय, एक पतसंस्था, एक शाळा. नवा सर्व्हर भाड्याने घेतला, त्याला पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता) मिळाला, की थोड्याच वेळात एसएसएचच्या (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीच्या) २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, लॉगिनचे प्रयत्न सुरू होतात. अजून डोमेन जोडलेलं नसतं, वेबसाइट उभी नसते, पत्ता कुणाला सांगितलेलाही नसतो. यात नवल नाही. सगळं आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी, अजूनही चालणारी पद्धत) इंटरनेट एका साध्या मशीनवरून पाऊण तासाच्या आत स्कॅन करता येतं, हे झेडमॅप या साधनाने २०१३ मध्येच दाखवून दिलं होतं.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला की एकाच पत्त्यावरून रूट, मग ॲडमिन, मग टेस्ट, युबंटू, ओरॅकल, पोस्टग्रेस अशी नावं एकामागून एक येतात आणि प्रत्येकासमोर ‘फेल्ड पासवर्ड’. रास्पबेरी पायचा जुना ठरलेला युजर ‘पाय’ हाही हटकून असतो. माणूस बसून टाइप करत नाही हे उघड आहे.

बहुतेक जण फेलटूबॅन बसवतात, म्हणजे लॉग वाचून सारखा चुकणारा पत्ता आपोआप बंद करणारा प्रोग्राम. मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांत पाच वेळा चुकलं की तो पत्ता दहा मिनिटं बंद. आणि तिथे विषय संपवतात. माझं म्हणणं आहे की तिथे संपवू नये. ॲब्यूजआयपीडीबीसारख्या सामायिक नोंदवहीत तो पत्ता नोंदवावा. फेलटूबॅनमध्ये त्याची सोय तयार आहे: १८ म्हणजे ब्रूट फोर्स, २२ म्हणजे एसएसएच, असे प्रकाराचे आकडे टाकले की तक्रार आपोआप जाते. शिवाय हूइज (आयपी कुणाच्या मालकीचा ते सांगणारी नोंद) काढून त्या नेटवर्कच्या ॲब्यूजच्या, म्हणजे गैरवापराच्या तक्रारींच्या, पत्त्यावर मेल टाकावा. मी त्याला थोपवला म्हणून तो थांबत नाही, पुढच्या सर्व्हरवर जातो. तिथे कुणा शिक्षकाने हौसेने बसवलेला, पासवर्ड ‘स्कूल१२३’ असलेला सर्व्हर असू शकतो. सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाचं हे कर्तव्य आहे असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

कट्टा_सात

वेळ वाया. पासवर्डने लॉगिन बंद करा, त्याऐवजी की-फाइल (डिजिटल किल्ली) वापरा, रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, थेट प्रवेश देऊ नका. मग लॉगमध्ये काय येतंय ते बघायचीही गरज नाही. इंटरनेटवर हा गोंगाट कायमचा आहे.

दीपस्तंभ

@कट्टा_सात, एसएसएचपुरतं बरोबर, आणि ते मी केलेलंच आहे. पण पतसंस्थेच्या सभासदांना खातं बघायला की-फाइल देता येत नाही. तिथे पासवर्डच असतो, आणि दुसरीकडून फुटलेल्या याद्यांमधले पासवर्ड तिथे लावून पाहिले जातात. त्या सभासदांत सत्तरीचे शेतकरी आहेत. त्यांच्या पैशाच्या बाबतीत ‘गोंगाट आहे’ म्हणून मला सोडून देता येत नाही.

वैतरणा

मी धाग्यातल्या सूचनेच्या विरोधात आहे, आणि ठामपणे. आयपी म्हणजे माणूस नव्हे.

आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४.३ अब्ज. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. आपल्याकडे बहुतेक लोक इंटरनेटवर आले ते त्यानंतर, तेही मोबाइलवरून. त्यामुळे कंपन्या एका पब्लिक पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात, ज्याला सीजीनॅट म्हणतात. गावातला केबलवाला तेच करतो. त्यातल्या एकाच्या घरातला कॅमेरा बिघडला, तुम्ही पत्ता नोंदवला, नोंदवहीत त्याचा धोक्याचा स्कोअर शंभरपैकी शंभर झाला, आणि जगभरातल्या फायरवॉलनी तो उचलला. चाळीतल्या एका खोलीतून दगड आला म्हणून अख्ख्या चाळीचं पाणी तोडण्यातला हा प्रकार आहे.

आमच्या इमारतीत हे झालंय. सासूबाईंचा तपासणीचा रिपोर्ट डाउनलोड करायचा होता, तर त्या लॅबची साइट उघडेचना. ‘तुमचा पत्ता धोकादायक यादीत आहे’ एवढीच ओळ. शेजाऱ्यांकडेही तेच. केबलवाला म्हणाला लॅबशी बोला, लॅब म्हणाली केबलवाल्याशी बोला. शेवटी दिरांच्या मोबाइल डेटावर रिपोर्ट काढला. यादीत आमचं नाव कुणी घातलं, कशावरून घातलं, काढायचं कुणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तुम्ही कर्तव्य म्हणता त्याच्या दुसऱ्या टोकाला हे असतं.

दीपस्तंभ

सासूबाईंच्या बाबतीत झालं ते चूकच. पण वैतरणाताई, चूक कुणाची ते नीट बघू या. तक्रार करणं आणि ब्लॉक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. रिपोर्ट बघायच्या पानासाठी सामायिक यादी डोळे मिटून लावणाऱ्याने चूक केली. तक्रारीत नेमकी वेळ आणि पलीकडचा सोर्स पोर्ट (जोडणी ज्या पोर्टवरून आली त्याचा नंबर) दिला असेल, तर सीजीनॅटमागचा नेमका ग्राहक कंपनीला शोधता येतो, तिच्याकडे ती नोंद असते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारकही केलं आहे.

अनुस्वार

दीपस्तंभ, तुम्ही धरून चाललाय की लॉगमधला पत्ता खरा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर नेटवर्कचे रिले (मधले सर्व्हर) चालवणाऱ्या स्वयंसेवकांना त्यांच्या होस्टिंग कंपन्यांकडून धडाधड नोटिसा आल्या: तुमचा सर्व्हर जगभर २२ नंबरच्या पोर्टवर स्कॅनिंग करतोय, थांबवा. त्या रिलेंनी यातलं काहीही केलेलं नव्हतं. कुणीतरी दुसरीकडूनच सिन पॅकेट (जोडणी मागणारा पहिला संदेश) सोडत होतं आणि पाठवणाऱ्याच्या जागी टॉर रिलेंचे पत्ते लिहीत होतं. ज्यांना पॅकेट मिळाली त्यांच्या यंत्रणांनी आपोआप तक्रारी धाडल्या. म्हणजे हल्ल्याचं हत्यार ते पॅकेट नव्हतंच, तुमची ही आपोआप जाणारी तक्रारच होती. काही रिले त्यापायी बंदही पडले. टॉर प्रोजेक्टने इतरांच्या मदतीने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मूळ ठिकाण शोधून ते बंद करवलं, तोवर त्या बिचाऱ्यांनी खुलासे देत बसायचं.

कुणाला नको असलेला सर्व्हर बंद पाडायचा असेल तर याहून स्वस्त मार्ग नाही. ‘जेवढ्या तक्रारी तेवढं पुण्य’ या भूमिकेला म्हणून माझा विरोध आहे.

दीपस्तंभ

टॉरचं उदाहरण अगदी योग्य, आणि ते प्रत्येक सर्व्हरवाल्याला माहीत हवं. पण त्यातून निघतं एवढंच की नुसत्या सिन पॅकेटवर तक्रार करू नये. पासवर्ड टाकून बघायचा असेल तर टीसीपीची (जोडणी जुळवायच्या पद्धतीची) तिन्ही पावलं पूर्ण व्हावी लागतात, उत्तर परत त्या पत्त्यावर पोचावं लागतं. तिथे खोटा पत्ता घालून भागत नाही. फेलटूबॅन चुकलेलं लॉगिन मोजतो, नुसतं पॅकेट नव्हे. फायरवॉलच्या लॉगवरून तक्रारी पाठवणारे आहेत, त्यांनी ते आजच बंद करावं.

गोदाकाठ

बराच काळ मी एका इंटरनेट सेवादाराच्या ॲब्यूज डेस्कवर होतो, म्हणून तक्रार पोचते तिथलं सांगतो.

पेटी रोज भरून वाहायची. ‘तुमचा आयपी मला हॅक करतोय, कारवाई करा’ एवढंच लिहिलेले मेल ढिगाने. वेळ नाही, असली तर कुठल्या टाइमझोनची ते नाही. साडेपाच तासांचा फरक पडला की सीजीनॅटच्या नोंदीत भलताच ग्राहक सापडतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं. असे मेल आम्ही बाजूला टाकत असू, दुसरं करणार काय?

पण नीट लिहिलेल्या तक्रारीने काय होतं तेही पाहिलंय. एकदा वेळ, दोन्हीकडचे पत्ते, दोन्हीकडचे पोर्ट आणि लॉगच्या ओळी जशाच्या तशा असलेला मेल आला. ग्राहक निघाला जळगावकडचा साडीच्या दुकानाचा मालक. त्याच्या काउंटरमागे सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) होता, मोबाइलवर दुकान दिसावं म्हणून बसवणाऱ्याने टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) बाहेर उघडं ठेवलेलं, पासवर्ड कारखान्याचाच. मालक म्हणाला, दोन महिन्यांपासून नेट मंद आहे म्हणून तोच तक्रार करणार होता! आमचा माणूस गेला, डीव्हीआर बंद करून चालू केला, सगळं शांत. आणि चहा होईपर्यंत पुन्हा सुरू. कॅमेऱ्यांसारखी उपकरणं ताब्यात घेणाऱ्या मिराईच्या जातीचा हा बॉट (आपोआप हल्ले करणारा प्रोग्राम) फक्त मेमरीत राहतो, रीस्टार्टने पुसला जातो. पण दार उघडंच असलं तर बाहेरचा दुसरा बॉट काही मिनिटांत परत आत येतो. राउटरमधलं फॉरवर्डिंग (बाहेरून डीव्हीआरपर्यंतची वाट) काढलं, पासवर्ड बदलला, तेव्हा सुटका झाली.

२०१६ मध्ये मिराईने एवढा हाहाकार माजवला तो ६२ नाव-पासवर्डांच्या जोड्यांच्या जोरावर. २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) कंपनीच्या डीएनएसवर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेवर) हल्ला होऊन अमेरिकेत मोठमोठ्या साइट बंद पडल्या, त्यामागे असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर होते. त्या मालकांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. त्यांना सांगणारं कुणीतरी लागतं, आणि तक्रार हेच ते सांगणं आहे.

वैतरणा

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद आवडला. पण तो माझीच बाजू मांडतो. तुमच्या दुकानदाराचं भलं झालं ते त्याच्या कंपनीला गेलेल्या खासगी मेलने. जगजाहीर यादीत त्याचा पत्ता चढवून नव्हे. यादीत चढवलं असतं तर दुकानदाराला कळलं नसतंच, फक्त त्याच्या बँकेची साइट उघडायची बंद झाली असती.

घरगुती प्रॉक्सींचा प्रकार बघा. मे २०२४ मध्ये ९११ एस५ हे जाळं अमेरिकेने इतर देशांच्या मदतीने मोडलं. त्यात १ कोटी ९० लाखांवर आयपी पत्ते होते. लोकांनी फुकट व्हीपीएन म्हणून ॲप घेतलं आणि त्यांच्या घरचं कनेक्शन गुन्हेगारांना भाड्याने गेलं. या सगळ्यांना हल्लेखोर म्हणणार?

आणि याद्या चालवणाऱ्यांना जाब कोण विचारणार? स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी चालवणाऱ्या स्पॅमहॉसने यादीत टाकलं म्हणून ई३६० नावाची कंपनी अमेरिकेत कोर्टात गेली. २००६ मध्ये १ कोटी १७ लाख डॉलरांची भरपाई जाहीर झाली, २०११ मध्ये अपिलाअंती हातात राहिले ३ डॉलर. वकील लावू शकणाऱ्या कंपनीची ही गत, तर आमच्या इमारतीने कुठे जायचं?

अनुस्वार

वैतरणा, इथे मी तुमच्या बाजूने नाही. पहिल्या निकालात स्पॅमहॉसने बाजूच मांडली नव्हती, म्हणून एकतर्फी आकडा आला. पुढे ई३६० ला आपलं नुकसान सिद्ध करता आलं नाही. ती कंपनी घाऊक मेल पाठवणारी होती, तुमच्या इमारतीसारखी निरपराध नव्हे. आणि स्पॅमच्या याद्या नसत्या तर आज ईमेल वापरण्याजोगा राहिला नसता. माझं भांडण याद्यांशी नाही, न तपासता जाणाऱ्या तक्रारींशी आहे.

वैतरणा

निकालाचं मान्य. इमारतीचा प्रश्न तसाच उरतो. नाव चढवणं आपोआप आणि क्षणात, उतरवणं मात्र मागून, आणि तेही ज्याला आयपी म्हणजे काय हे माहीत आहे त्यालाच. ॲब्यूजआयपीडीबीवर तक्रार काढून घ्यायचा अर्ज करता येतो हे माझ्या केबलवाल्याला कोण सांगणार?

दीपस्तंभ

हा मुद्दा मला टाळता येत नाही. जुन्या तक्रारींचं वजन त्या नोंदवहीत काळाबरोबर कमी होतं, पण रिपोर्ट आज हवा असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. म्हणून मी सामायिक यादी फक्त २२ नंबरच्या पोर्टसमोर लावतो. वाचनालयाच्या किंवा पतसंस्थेच्या पानासमोर नाही. तिथे संशयित पत्त्याला ओटीपी मागतो, हाकलत नाही. तक्रार मात्र मी सोडणार नाही. भारतातला मोबाइल किंवा ब्रॉडबँडचा पत्ता असेल तर आधी त्या कंपनीला मेल, आणि भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता असेल तर थेट नोंदवहीत. भाड्याच्या सर्व्हरमागे कुणाच्या सासूबाई नसतात.

वैतरणा

हे सगळ्यांनी पाळलं तर माझा विरोध बराच मावळेल. पण बसवणारे मूळ सेटिंग बदलत नाहीत, आणि मूळ सेटिंगमध्ये हा फरक नाही. तोवर मी विरोधातच.

गोदाकाठ

दीपस्तंभ, मेल लिहाल तेव्हा विषयातच आयपी आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ टाका, लॉगचा स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या, कॉपी करता यायला हवा. एका मेलमध्ये एकच पत्ता. सोर्स पोर्ट विसरू नका, त्याशिवाय सीजीनॅटमागे कुणी सापडत नाही. आणि वैतरणा, तुमच्या केबलवाल्याला दोन गोष्टी सांगा. सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून बॉट काढायची साधनं फुकट देतं. आणि शॅडोसर्व्हर ही ना-नफा संस्था, आपल्या नेटवर्कमधली कुठली उपकरणं उघडी किंवा बाधित दिसतात याचा रोजचा अहवाल नेटवर्कच्या मालकाला विनामूल्य पाठवते. नाव नोंदवायला त्याला अर्धा तास पुरेल. तुमच्या इमारतीतला कॅमेरा कुणाचा ते त्यातून निघेल.