पाळीच्या कळांसाठी चिनी काढा कोणी घेतला आहे का?

मृणाल, शांघाय
इथे येऊन दीड वर्ष झालं. पाळीचे पहिले दोन दिवस कंबर नुसती मोडून येते, ऑफिसात खुर्चीवर बसवत नाही. शेजारी बसणारी मैत्रीण न विचारता आलं आणि तांबडी साखर उकळून पेला आणून ठेवते. चव थेट आपल्या सुंठ-गुळाच्या पाण्याची. पहिल्यांदा प्यायले तेव्हा आईच्या आठवणीनं डोळेच भरून आले.

तिच्याच ओळखीनं चिनी वैद्यबाईंकडे गेले. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून त्यांनी बराच वेळ नाडी पाहिली, मग जीभ. रक्ताचा रंग कसा, गाठी पडतात का, गाठ पडून गेली की कळ कमी होते का, शेकल्यावर बरं वाटतं का, सगळं विचारलं. इतकं बारकाईनं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, गर्भाशयात गारठा बसलाय आणि रक्त साकळलंय. काढ्यात दांगग्वेइ नावाची मुळी आहे. पुड्या आणल्यात, पण अजून उकळल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी मेफ्टाल स्पास ही कळांवरची गोळी घेते, त्यासोबत काढा चालेल?

वर्षा, सातारा
मृणाल, आपल्याकडेही ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून ओटीपोट शेकतातच की. शेकानं आराम पडतो. काढ्याचं मात्र मला माहीत नाही.

शुभदा, सिंगापूर
मृणाल, दांगग्वेइ, छ्वानश्योंग, पांढरा शाओ आणि शिजवलेली दीहुआंग या चार मुळ्यांचा काढा चीनमध्ये सोंग राजवटीपासून, म्हणजे सुमारे हजार वर्षांपासून, पाळीच्या तक्रारींवर देतात. मीही घेतला, आणि घोट्याच्या आतल्या हाडाच्या चार बोटं वर जो बिंदू असतो तो रोज दाबायचे. बरं वाटायचं.

आता मनापासून सांगते. मलाही 'गारठा' असंच सांगितलं होतं आणि त्या शब्दावर मी तीन वर्षं काढली. दर महिन्याला कळ वाढत गेली, शौचाला बसतानासुद्धा पोटात सुरी फिरायची, तरी मी काढाच उकळत राहिले. शेवटी सोनोग्राफीत अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेली गाठ निघाली. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. नाडी आणि जीभ बघून ती कळत नाही गं.

दांगग्वेइनं रक्तस्राव वाढू शकतो. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दांगग्वेइ अजिबात नको. दिवस राहिल्याची जराही शंका असेल तरी काढा नको आणि तो बिंदूही दाबू नकोस. मेफ्टालमध्ये मेफेनॅमिक ॲसिड असतं, तेही रक्त गोठण्यावर थोडा परिणाम करतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र घेऊ नकोस.

तुझं दुखणं पहिल्यापासून असंच आहे, की वाढत चाललंय?

मृणाल, शांघाय
शुभदाताई, वाढतंय. गेल्या वर्षी एक दिवस दुखायचं, आता दोन. पुड्या तशाच ठेवते आणि आधी सोनोग्राफी करून घेते. मुळ्यांची नावं वैद्यबाईंकडून चिनी अक्षरांत लिहून घेईन, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येतील. आल्याचं पाणी चालू ठेवू ना?

शुभदा, सिंगापूर
ते खुशाल पी. आणि रिपोर्ट आला की इथे लिही, मी वाट बघते.