आईबाबांना स्टॅनफर्ड थिएटरला 'सिंगिंग इन द रेन' दाखवायला न्यावं का? (सबटायटल नाहीत!)

खारीबिस्किट:
नमस्कार मंडळी, आईबाबा सहा महिन्यांसाठी सनीवेलला आलेत आणि तीन महिन्यांतच आमचं गोल्डन गेट, देऊळ, कॉस्टको सगळं दोन दोनदा बघून झालंय. आता पालो आल्टोच्या स्टॅनफर्ड थिएटरला शनिवारी सिंगिंग इन द रेन, तो जुना हॉलिवूडचा नाचगाण्यांचा सिनेमा, लागतोय. मी तो फक्त लॅपटॉपवर बघितलाय, तोही तुकड्या तुकड्यांत, आणि त्या थिएटरसमोरून शंभरदा गेले असेन पण आत कधीच नाही. अडचण अशी की तिथे म्हणे अजून खऱ्या रिळावरची फिल्म दाखवतात, म्हणजे सबटायटल नसणार. बाबांना इंग्रजी वाचता छान येतं पण इथलं बोलणं डोक्यावरून जातं, आणि आईचं तर विचारूच नका. मागच्या महिन्यात एका मल्टिप्लेक्सला नेलं तर बाबा अर्ध्या तासात घोरायला लागले आणि आई कानात बोटं घालून बसली, बाहेर आल्यावर म्हणाली "एवढे पैसे देऊन कान फोडून घेतले". परत तसाच पोपट नको व्हायला. कुणी आपल्या ज्येष्ठांना नेलंय का?

रीळवाला:
न्याच. आधी एक, ते थिएटर युनिव्हर्सिटीचं नाही, नाव तेवढं सारखं. 1925 चं आहे, मूकपटांच्या काळातलं. मधे पार रया गेली होती. 1987 साली हॉलिवूडचा तो नाचणारा हिरो फ्रेड अस्टेअर गेला तेव्हा एचपीवाल्या पॅकार्डांचा मुलगा डेव्हिड वुडली पॅकार्ड यानं ते भाड्यानं घेऊन दोन आठवडे नुसते अस्टेअरचे सिनेमे लावले, आणि लोकांनी एवढी गर्दी केली की त्यांच्या फाउंडेशननं थिएटरच विकत घेतलं, छतावरची भिंतींवरची नक्षी जुन्यासारखी करून घेतली आणि 1989 ला परत उघडलं. म्हणजे ते आज उभं आहे तेच मुळी नाचगाण्यांच्या सिनेमामुळे.

संध्याकाळच्या खेळाला जा आणि वीस मिनिटं आधी जाऊन बसा. वुर्लिट्झर ऑर्गन आहे तिथे, मूकपटांना साथ करायचं मोठ्ठं पेटीसारखं वाद्य, पडद्यासमोरच्या खड्ड्यातून वाजवणाऱ्यासकट वर येतो आणि सिनेमा सुरू होताना तो माणूस वाजवत वाजवतच खाली गडप होतो. मी तेवढ्यासाठी जातो कधी कधी, सिनेमा कुठला का असेना.

सबटायटलचं टेन्शन घेऊ नका. गोष्ट काय, 1927 च्या सुमाराला बोलपट आले आणि मूकपटातल्या देखण्या हिरॉइनचा आवाज निघाला फाटका, मग दुसऱ्याच मुलीनं पडद्यामागून बोलायचं आणि गायचं. एवढं मराठीत गाडीत सांगून टाका. बाकी माइक झुडपात लपवतात मग ड्रेसमधे लपवतात, तर हिरॉइनच्या छातीची धडधड ऐकू येते, त्याला कशाला हवंय इंग्रजी?

मेथीदाणा:
अरे गोष्ट सगळी सांगू नका हो आधी!! शेवटी पडदा वर जातो तो सीन तरी राखून ठेवा.
मी सासूबाईंना नेलं होतं दोन वर्षांपूर्वी, त्यांना बेहद्द आवडला. शाल न्या मात्र. आणि ड्राइव्ह करायचा कंटाळा असेल तर कॅलट्रेनने जा, पालो आल्टो स्टेशनवरून चालत पाच मिनिटं, सासूबाईंना ती डबल डेकर ट्रेन सिनेमाइतकीच आवडली :)

घाटावरचा:
भारी पिक्चर आहे. ते पावसातलं गाणं शूट करताना हिरो जीन केलीला 103 ताप होता. आणि पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलेलं, माहितीये का?

रीळवाला:
तापाचं बरोबर. दुधाची मात्र लोणकढी आहे, नुसतं पाणीच होतं, मागून लाइट मारला की थेंब चमकतात. आपल्याकडच्या पावसाच्या गाण्यांतही हीच आयडिया.

मेथीदाणा:
दूध राहू दे, खरी गंमत वेगळीच आहे. सिनेमात डेबी रेनॉल्ड्स त्या फाटक्या आवाजाच्या हिरॉइनला आवाज देते ना, त्यातले संवाद प्रत्यक्षात जीन हेगननंच म्हणलेत, म्हणजे जी फाटक्या आवाजाची झालीये तिनंच! तिचा खरा आवाज एकदम छान होता. आणि त्या डबिंगमधलं गाणं डेबीचं नाहीच, बेटी नॉयस म्हणून गायिका होती तिचं. तिचं नाव सिनेमात कुठेच नाही. दुसरीचा आवाज लपवणं किती वाईट अशी गोष्ट सांगणाऱ्या पिक्चरमधे!

खारीबिस्किट:
जाऊन आलो!! उशिरा लिहितेय, सॉरी.

मेथीदाणा, तुमचं ऐकलं, गोष्ट अर्धीच सांगितली. आईनं पर्समधे खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या आणि दहा दहा मिनिटांनी "मध्यंतर कधी आहे" विचारत होती, शेवटी अंधारातच डबा उघडला. तो सिनेमातल्या सिनेमाच्या प्रिव्ह्यूचा सीन आहे ना, आवाज मागेपुढे होऊन बाई पुरुषाच्या आवाजात बोलायला लागते, तिथे आई एवढी हसली की पुढच्या रांगेतली एक अमेरिकन आजी मागे वळून तिच्याकडे बघून हसली, मग दोघी मिळून हसत बसल्या. प्रत्येक गाणं झालं की लोक टाळ्या वाजवतात हे तिला फार पटलं, नाटकासारखं वाटतं म्हणाली.

परत येताना बेटी नॉयसचं सांगितलं तर बाबा म्हणाले यात नवीन काय, 'महल'च्या रेकॉर्डवर 'आयेगा आनेवाला'ला गायिकेचं नाव कामिनी छापलं होतं, कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र, लताबाईंचं नाव लोकांनी रेडिओवाल्यांना विचार विचार विचारल्यावर कळलं.

पण बाबांचं निम्मं लक्ष सिनेमात नव्हतंच. थोड्या वेळानं माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, उजवीकडं वर बघ, आता रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका येईल. आला! एक क्षणभर, मग परत एक, आणि रीळ बदललं. मला तर तोपर्यंत कधी दिसलाच नव्हता. लहानपणी गावच्या जत्रेतल्या तंबूत ऑपरेटरशेजारी बसायचे म्हणे, तिथे एकच मशीन, त्यामुळे रीळ संपलं की दिवा लागायचा आणि शेंगावाला आत यायचा. इथे दोन मशीन असणार, म्हणाले. पिक्चर संपल्यावर सगळे खाली ऑर्गनकडे बघत होते आणि बाबा उलटे उभे राहून मागच्या भिंतीतल्या त्या चौकोनी खिडकीकडे बघत होते.

रीळवाला, प्रोजेक्शन रूम बघू देतात का हो? कुणाला विचारायचं?