नफ्याच्या हिशोबात भाडं धरायचंच नाही?

भाजणीवाली, सांगली
माझा फराळाचा छोटा धंदा आहे. गाळ्याचं भाडं, कढईच्या कर्जाचा हप्ता आणि मावशींचा पगार मिळून महिन्याला ३६,००० जातात. माल साधारण १२०० किलो निघतो, म्हणून मी किलोला ३० रुपये लावते. शंकरपाळ्यांचा मैदा, साखर, तेल, गॅस, पिशवी धरून १९० होतात, म्हणजे एकूण २२०. जूनमध्ये एका मेसवाल्याने १०० किलो २१०च्या भावाने मागितले. मी नाही म्हटलं; तोट्यात कोण देणार? धाकटा दीर सीए करतोय. तो म्हणतो, "वहिनी, दोन हजार घालवलेत, भाडं धरायचंच नव्हतं." मग भाडं काय तो भरणार?

जुना कॉस्टिंगवाला
ताई, दिराचं बरोबर आहे. जूनमध्ये कढई थंडच होती ना? ऑर्डर घेतली तरी ३६,००० जाणार, नाकारली तरी तेवढेच. २१० मधून १९० गेले, किलोला २० प्रमाणे दोन हजार सुटले असते. महावितरणचं बिल काढून बघा. स्थिर आकार गाळ्याला कुलूप असलं तरी येतो; वीज आकार युनिटवर. घाणा घालायचा की नाही, ते या दुसऱ्या आकारासारख्या, मालाबरोबर वाढणाऱ्या खर्चावरून ठरवायचं.
दिवाळीत मात्र कढईचे तासच पुरत नसतील. चकलीचे आकडे सांगा.

भाजणीवाली
चकलीचा भाव ३६०, भाडं वगैरे सोडून खर्च २४०. एका घाण्यात मोजक्याच बसतात, तासाला ५ किलो. शंकरपाळे ओंजळीने पडतात, तासाला ८ किलो, भाव २८०.

जुना कॉस्टिंगवाला
किलोमागे चकलीत १२० सुटतात, शंकरपाळ्यात ९०. म्हणून तुम्ही चकलीच पुढे करत असणार. पण कढईच्या तासाला चकली ६०० देते आणि शंकरपाळे ७२०. महिन्याच्या २०० तासांत १,२०,००० आणि १,४४,०००. ३६,००० वजा करा, उरले ८४,००० आणि १,०८,०००. उद्या हाच खर्च दुप्पट झाला तर ४८,००० आणि ७२,०००. फरक २४,०००चाच.

बारावी_गणित
स्थिरांकाचं विकलन शून्य, म्हणजे न बदलणाऱ्या आकड्याने निवड बदलत नाही. झालं.

लूमवाला, इचलकरंजी
झालं कसं? गाळा ठेवायचा की सोडायचा, दुसरी कढई घ्यायची का, हे ठरवताना भाडं नि हप्ता धरावाच लागतो. मावशींना किलोवर मजुरी दिली तर तो खर्चही ठरलेल्या खर्चातून किलोमागच्या खर्चात जातो. आणि २१०चा भाव नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कानावर गेला, की सगळेच तो मागणार. बाराही महिने तसं विकून भाडं निघत नाही.

भाजणीवाली
पण काका, नुसते शंकरपाळे कोण नेतं? चकलीशिवाय दिवाळीचा डबा हलत नाही.

जुना कॉस्टिंगवाला
मग डब्यांना लागेल तेवढी चकली आधी तळा, उरलेल्या तासांत शंकरपाळे.

भाजणीवाली
मेसवाल्याला आज फोन केला. त्याने केव्हाच दुसरीकडून घेतले. दिराला अजून सांगितलेलं नाही.