रेडिएटर बदलतोय, खालचे बोल्ट निघत नाहीत

हर्णैकर, सोमवार रात्री

नमस्कार. २०१० ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाही. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणि गाडी कायम उघड्यावर, त्यामुळे खालून सगळं खाऱ्या हवेने खाल्लंय.

रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या जोडातून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतं, रोज सकाळी अर्धा लिटर ओतावं लागतं. नवीन रेडिएटर आणून ठेवलाय. कुलंट काढलं, दोन्ही होज पाईप सुटले, वरचे दोन बोल्टही निघाले. अडलंय ते खाली. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या रेडिएटरच्या खालच्या दोन कानांना बोल्टने आवळल्यात. बोल्ट बारीक आहेत, दहाचा पाना लागतो. डावीकडचा दिसतो, पण तिथे पाना फिरवायला जागा नाही. उजवीकडच्याला रिंग पाना लावला, तो घसरला आणि बोल्टचं डोकं गोल झालं.

शेजारचा गॅरेजवाला म्हणतो, गॅसने तापवून काढू. मला ते पटत नाही. आईला दर गुरुवारी दापोलीला दवाखान्यात न्यायचं असतं, म्हणजे हातात दोनच दिवस आहेत. कुणी हे काम केलं असेल तर सांगा.

रविवारचा_मेकॅनिक

बंपर काढलात का? मी पहिल्यांदा केलं तेव्हा बंपर न काढता तीन तास झटलो. मग क्लिपा आणि स्क्रू काढून बंपर खाली ठेवला, तर समोरून बोल्ट सरळ दिसले. फॉगलाइटची वायर तेवढी आधी सोडवा, ओढली तर तुटते. तापवू मात्र नका.

दापोडी_निवृत्त

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होतो, आता निवृत्त आहे. गॅस अजिबात लावू देऊ नका. टाकी प्लास्टिकची, आणि कंडेन्सरमध्ये एसीचा गॅस दाबाखाली भरलेला असतो. एसीचे पाईपही सोडू नका. कंडेन्सर जागेवरच राहू दे, सुतळीने वरच्या पट्टीला बांधून ठेवा म्हणजे बोल्ट निघाल्यावर पाइपांवर भार येणार नाही.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढायचं. काही गाड्यांत चावी बंद असली तरी पंखा आपोआप सुरू होतो, आणि तुमचा हात नेमका तिथेच असणार आहे.

दुसरं, पंखा त्याच्या सांगाड्यासकट वर ओढून बाहेर काढा. बहुतेक लोक हे टाळतात आणि मग जागा नाही म्हणतात. पंखा निघाला की इंजिनाच्या बाजूने चांगला हात जाईल इतकी फट मिळते. त्या बाजूने बघा, बोल्टचं टोक नटातून थोडं बाहेर आलेलं दिसेल. तेल तिथे मारायचं. डोक्यावर कितीही मारलं तरी आट्यांपर्यंत फारसं पोचत नाही. टोकावरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा, गंज सोडवणारं तेल मारा, दोन तासांनी पुन्हा मारा, रात्रभर ठेवा.

डावीकडच्यासाठी अर्धा इंची रॅचेट (न काढता मागेपुढे फिरवायचा पाना) वापरू नका. तो दांडा लांब असतो, आणि सहा एमएमचा गंजलेला बोल्ट त्याने सहज तुटतो. पाव इंची छोटा रॅचेट घ्या, लांब एक्स्टेंशन आणि पुढे वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट. जॉइंटला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या म्हणजे तो लुळा पडत नाही, गोटी, म्हणजे सॉकेट, नेमकी बोल्टवर बसते. गोटी सहा कोनांचीच हवी. बारा कोनांची गोटी किंवा रिंग गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते, तुमचं तेच झालंय. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. करकर आवाज आला की थांबा.

उजवीकडचं डोकं गोल झालंय, तर इंची मापातली ३/८ ची गोटी आणा. ती साडेनऊ एमएम पडते. हातोडीने हलके ठोकून दहाच्या डोक्यावर बसवा, घट्ट पकडते. जाळीच्या पुढे आधी पुठ्ठा लावा. हातोडी निसटली तर कंडेन्सरला भोक पडायला वेळ लागत नाही.

आणि एक लक्षात घ्या. जुना रेडिएटर भंगारातच जाणार आहे, त्याला जपू नका. जपायचं ते कंडेन्सरला. काहीच जमलं नाही तर रेडिएटरचा प्लास्टिकचा कानच कापून टाका.

हर्णैकर, बुधवार रात्री

काका, निघाला! बंपर आणि पंखा दोन्ही काढले. डावीकडचा सकाळी पहिल्या झटक्यात सुटला, टेपची युक्ती फार कामाला आली. उजवीकडे ३/८ ची गोटी ठोकली, ती पक्की बसली, पण प्लास्टिकमधला नटच बोल्टबरोबर फिरायला लागला. मग तुमचं शेवटचं वाक्य आठवलं. कंडेन्सरच्या अंगाला डब्याचा पत्रा सरकवला आणि हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून कान कापला. वीस मिनिटं लागली. कंडेन्सरला ओरखडाही नाही.

नवीन बोल्ट घालताना काय लावू?

दापोडी_निवृत्त

छान केलंत. आट्यांना थोडं ग्रीस लावा. गोटीत कागदाचा बारीक तुकडा घालून बोल्ट अडकवा म्हणजे वाटेत पडणार नाही. पहिले चार आटे बोटांनीच फिरवा, पाना नंतर. नट प्लास्टिकमध्ये बसवलेला असतो, तो नुसता घट्ट झाला की थांबा.

कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कॅप उघडी असतानाच थंड इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. मग कॅप लावा. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत ती पुन्हा उघडू नका, थंड झाल्यावर पातळी बघा. जुनं कुलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या.

उद्या दापोलीला पोचलात की तापमानाचा काटा कुठे होता ते लिहा.

हर्णैकर, गुरुवार

जाऊन आलो. काटा निम्म्याच्या खालीच राहिला, चढावरही. आई मागे निवांत झोपली होती.